मास्तरांच्या खिडकीखालचं बाकडं

चाळीसगाव आणि जळगावच्या मधे एक लहान स्टेशन आहे. नाव सांगत नाही. तिथल्या मास्तरांना उगाच कुणी येऊन प्रश्न विचारायला नकोत. मेल-एक्स्प्रेस तिथे थांबत नाहीत, धूळ उडवत निघून जातात. मेमू थांबते. मालगाड्या मात्र लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालून ठेवलेल्या असतात, कधी पाऊण तास, कधी अर्धा दिवस. मास्तरांच्या खोलीची खिडकी फलाटाच्या बाजूला आहे, खिडकीखाली सिमेंटचं बाकडं आहे, आणि आत टेबलावर व्हीएचएफ सेट, म्हणजे बिनतारी बोलण्याचं यंत्र, आहे. खिडकी उघडीच असते. रविवारी सकाळी जळगावहून मेमूचं तिकीट काढायचं, त्या बाकड्यावर जाऊन बसायचं आणि ऐकायचं, असा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे.

घरी याला ‘गाड्या बघायला जाणं’ म्हणतात. बायको शेजारी तसंच सांगते, आणि सांगतानाही तिला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण पन्नाशीच्या माणसानं गाड्या बघायला जाणं आमच्याकडे अजून कुणाला पटत नाही. कुणाच्या केळीची बाग बघायला गेलो असतो तर कोणी काही म्हटलं नसतं. पण खरं सांगायचं तर बघण्याचा भाग आता थोडाच उरलाय. इंजिन डब्ल्यूएपी-7 असो की डब्ल्यूएजी-9, तीच ती तोंडं. पंजाब मेलचे डबेसुद्धा आता इतर गाड्यांच्या डब्यांसारखेच दिसतात. कानांना मात्र अजून काही ना काही नवीन मिळतं.

सेटवर बहुतेक वेळ काहीच नसतं. खरखर, मधेच कुठल्या तरी लांबच्या स्टेशनातलं अर्धं वाक्य, पुन्हा खरखर. मग एकदम स्पष्ट आवाज येतो, म्हणजे गाडी जवळ आली. गार्ड-ड्रायव्हरांच्या हातातले संच पाच वॅटचे, स्टेशनातला पंचवीस वॅटचा, त्यामुळे मास्तर लांबवर ऐकू जातात आणि गाडीतली माणसं जवळ आल्याशिवाय नीट कळत नाहीत. गाडी नजरेत येण्याच्या कितीतरी आधी तिच्यातलं माणूस बोलायला लागतं. आमच्याकडची जमीन सपाट, दोन्हीकडे कपाशी आणि मधे एखादी बाभूळ. दिवा दिसला की गाडी आलीच म्हणायची. पण त्याच्याही आधी मला माहीत असतं की ड्रायव्हरचा घसा बसलेला आहे, गार्ड नवा आहे आणि दोघांना जळगावच्या बाहेर सिग्नलला उभं केलं होतं म्हणून दोघंही वैतागलेले आहेत.

बोलणं हिंदीत चालतं. इंजिनात बिहारचा मुलगा असतो, मागे ब्रेकव्हॅनमधे भुसावळचा माणूस, स्टेशनात विदर्भातले मास्तर. हिंदीशिवाय इलाज नाही. पण ती हिंदी इथलीच. “साहब, अपने को कितना टाईम रखनेवाले इधर?” हे वाक्य उत्तर प्रदेशात कुणी बोलणार नाही. आणि दोन्ही टोकांना इकडचीच माणसं निघाली की भाषा पहिल्या दोन वाक्यांत रूळ बदलते. भुसावळ-यावलकडचे असले तर लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडचे असले तर अहिराणी. अधिकृत निरोप तेवढा हिंदीतच द्यायचा, बाकी सगळं आपल्या भाषेत.

या निरोपाची एक रीत आहे, आणि मला या सगळ्या ऐकण्यात तीच सर्वांत जास्त आवडते. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं तेच परत म्हणून दाखवायचं. मास्तर म्हणतात, “डाउन मालगाडी लोको पायलट, गीतांजली के बाद निकलोगे, लूप का स्टार्टर दे दूंगा.” स्टार्टर म्हणजे स्टेशनातून निघायचा सिग्नल. तिकडून नुसतं ‘हो’ येऊन चालत नाही. “गीतांजली के बाद निकलना है, लूप का स्टार्टर मिलेगा, ओके मास्टर.” निघताना पुन्हा तेच. गार्ड विचारतो सिग्नल काय, ड्रायव्हर सांगतो पिवळा, गार्ड म्हणतो पिवळा करेक्ट. इंजिनाच्या आतही असंच चालू असतं: प्रत्येक सिग्नल दिसला की सहायक हात करून मोठ्यानं म्हणतो, ‘दो पीला’, आणि लोको पायलट तेच परत म्हणतो. दोघांनाही सिग्नल डोळ्यांनी दिसत असतो. तरी म्हणायचं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पोरकट वाटतं. माझ्या भाच्याला वाटलं होतं. तो म्हणाला, “मामा, एवढं सगळं कशाला बोलतात? मोबाईलवर दिसत नाही का गाडी कुठे आहे ते?” त्याला गाडी कुठे आहे ते दिसत होतं. ती पुढे का जात नाही ते दिसत नव्हतं.

हे सगळं आधी झेंडीवर आणि शिटीवर चालायचं. कोळशाची भरलेली गाडी म्हणजे 58-59 वाघिणी, पुढे इंजिन, मागे ब्रेकव्हॅन, जवळपास पाऊण किलोमीटरची लांबी. दोन गाड्या जोडून लाँगहॉल काढली की दीड किलोमीटरच्या आसपास. इतक्या लांबून गार्डची हिरवी झेंडी वळणावर काय दिसणार? रात्री हातबत्ती हलवायची, ड्रायव्हरनं शिटी देऊन कळलं म्हणायचं. शिट्यांची भाषा अजून आहे: किती आखूड, किती लांब, त्याला अर्थ ठरलेले आहेत. फाटकाच्या आधी रुळाकडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं, म्हणजे फाटक आहे, शिटी वाजव. लहानपणी मला ते कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं वाटायची.

लहानपण अमळनेरला गेलं. ताप्ती लाइन. सुरतेकडून निघालेली ती लाइन नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा करत अमळनेरला येते आणि पुढे धरणगावावरून जळगावला मध्य रेल्वेला मिळते. तेव्हा ती एकेरी होती. आता दुहेरी झाली, वीज आली. एकेरी लाइनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन असायचं. लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेला. पुढच्या स्टेशनानं परवानगी दिल्याशिवाय मास्तरांच्या यंत्रातून तो गोळा बाहेरच निघायचा नाही, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं हलायचं नाही. न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस, कडं उंच धरून उभा राहायचा, इंजिनातला माणूस वाकून हात त्यात घालायचा आणि त्याच वेळी मागच्या सेक्शनचं कडं खाली टाकायचा. आम्ही पोरं ते बघायला उभी असायचो. नेम चुकला की गाडी थांबायची आणि आमची करमणूक व्हायची.

तेव्हा वाटायचं हा हातचलाखीचा खेळ आहे. आता बाकड्यावर बसून कळतं की तोही संवादच होता. एका स्टेशनानं दुसऱ्याला विचारलेलं, ‘पाठवू का?’ आणि त्यानं दिलेलं उत्तर, ‘पाठव’. आगगाडी लोखंडावर चालते हे सगळ्यांना दिसतं. ती विचारून चालते हे ऐकल्याशिवाय कळत नाही. अमळनेरच्या दोन-तीन वर्षांच्या बघण्यात मला जे कळलं नाही ते इथे एका दुपारच्या ऐकण्यात कळलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण कुणी तरी विचारणारच. स्वतःचा संच घेऊन शेताच्या बांधावर बसून का ऐकत नाही? अमेरिकेत तसं करतात. तिकडे रेल्वेचे छंदी लोक खिशात स्कॅनर घेऊन रुळापासून लांब, गाडीत बसून, तासन्‌तास ऐकतात. रेल्वेच्या वाहिन्या कोणत्या ते त्यांना पाठ असतं. तिकडची एक गंमत मला फार आवडते. रुळाकडेला तापलेले आस आणि घसटणारे भाग ओळखणारी यंत्रं बसवलेली असतात आणि गाडी जाऊन झाली की ते यंत्र रेडिओवर स्वतः बोलतं: अमुक मैलावरचं यंत्र, ‘नो डिफेक्ट्स’, एवढे आस मोजले. ओसाड जागी, कुणी नसताना. आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगायला 1933 च्या कायद्यानं बंदी घातली, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ यंत्र बाळगायला सरकारची मान्यता लागते. तेव्हा ऑनलाइन स्वस्तात मिळतात म्हणून चिनी वॉकीटॉकी मागवणाऱ्या पोरांच्या नादी मी लागत नाही. उघड्या खिडकीतून जेवढं फलाटावर येतं तेवढं माझं. कमी येतं, पण त्यात माणूस दिसतो. मास्तर बोलताना कपाळाला हात लावतात का, हसतात का, हे स्कॅनरमधे कुठून येणार?

आणि ते बोलणारं यंत्र आपल्याकडे नाही असंही नाही. आपल्याकडे त्या जागी पॉइंट्समन आहे. न थांबणारी गाडी स्टेशनातून जाताना एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला पॉइंट्समन हिरवी झेंडी घेऊन उभे राहतात. प्रवाशांना वाटतं गाडीला मान देतायत. ते गाडी तपासत असतात: दार उघडं आहे का, काही लोंबतंय का, चाकातून धूर येतोय का, शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी आहे का. ती पाटी दिसली म्हणजे गाडी पुरती आली, मधे कुठे तुटून राहिली नाही.

मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडचा मे काय असतो ते जळगावकरांना सांगायला नको. सकाळी अकराला बाकडं बसण्यालायक राहत नाही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाणारी कोळशाची गाडी मेन लाइननं आली. इंजिन गेलं, वाघिणी जायला लागल्या, धडधड धडधड, आणि पलीकडच्या बाजूनं पॉइंट्समन ओरडला, “मास्तर, मांगे धूर शे!” मास्तर खिडकीकडे पळाले नाहीत, आधी सेटकडे गेले. “अप मालगाडी लोको पायलट, मास्टर. पीछे से आठवी-नववी वॅगन, ऑफ साइड, धुआँ है, ब्रेक बाइंडिंग दिख रहा है. गाडी खडी करो.” क्षणभर काही नाही. मग इंजिनातून, अजिबात घाई न करता: “पीछे से आठवी-नववी, ऑफ साइड, धुआँ, खडी कर रहा हूँ.” आणि लगेच तिसरा आवाज, गार्डचा: “गार्ड सुन रहा है. मैं उतर के देखता हूँ.”

गाडी स्टेशनाबाहेर जाऊन उभी राहिली. ब्रेकव्हॅन आम्हाला दिसत होती. गार्ड उतरला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, आणि खडीतून चालत पुढे गेला. त्यानंतरचं सगळं सेटवरच घडलं. चाकाला ब्रेकचा ठोकळा चिकटून बसला होता. त्यानं त्या वाघिणीचा ब्रेक सोडवला, वेगळा केला, वाघिणीचा नंबर आकडा-आकडा करून सांगितला; ड्रायव्हरनं आकडा-आकडा करून परत सांगितला; मास्तरांनी लिहून घेतला. मागे दोन गाड्या अडकल्या होत्या, टेबलावरचा फोन सारखा वाजत होता, आणि कंट्रोलमधून कुणी तरी काय बोलत असेल ते मास्तरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण सेटवर एकाचाही आवाज चढला नाही. गाडी निघाली तेव्हा गार्ड म्हणाला, “मास्टर, पानी मिलेगा क्या अगले को?” मास्तरांनी पुढच्या स्टेशनाला फोन करून ते सांगितलं. पाण्याचा निरोप मात्र कुणी परत म्हणून दाखवला नाही.

मालगाडीच्या गार्डबद्दल थोडं सांगायला हवं. 2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, कागदावर. पाऊण किलोमीटर गाडीच्या शेपटाला एका लोखंडी डब्यात एकटा माणूस. वर्षानुवर्षं या ब्रेकव्हॅनमधे दिवा नाही, पंखा नाही, बसायला लाकडी बाक, आणि गाडीला झटका बसला की सगळ्यात जोरात तोच डबा हलतो. भुसावळहून निघालेला हा माणूस मनमाडला कधी पोचेल ते कुणी सांगू शकत नाही. त्याला बोलायला एकच माणूस, पुढे इंजिनात, आणि तोही फक्त आवाज. म्हणून मालगाडी लूपला उभी राहिली की कामाचं बोलणं संपून दुसरं सुरू होतं. डब्यात काय आणलंय, हे पहिलं. शेवभाजी असली तर तिच्या तिखटावर चर्चा. हिवाळ्यात भरीत. एकदा एका गार्डनं कळण्याच्या भाकरीबरोबर काय खावं यावर इतकं सविस्तर सांगितलं की बिहारी सहायकानं शेवटी विचारलं, “ये कळणा मिलता किधर है?” मुलीच्या कॉलेजच्या फिया, बदलीचा अर्ज, कपाशीवर पडलेली अळी. नियमानं हे बोलायचं नसतं, कारण वाहिनी मोकळी ठेवायची असते. मास्तर थोडा वेळ बोलू देतात आणि मग नुसतं खाकरतात. लगेच शांत.

स्टेशनापासून थोड्या अंतरावर फाटक आहे. तिथे आप्पा असतात. आप्पांकडे रेडिओ नाही, फोन आहे, हातानं दांडी फिरवायचा. तो वाजला की आप्पा फाटक लावतात, कुलूप घालतात आणि मास्तरांना एक आकडा सांगतात. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. प्रत्येकाकडे छापील तक्ता असतो, दोन आकडी अंक कसेही विखुरलेले. ज्याचा नंबर लागेल तो सांगायचा, समोरच्यानं लिहून घ्यायचा आणि इकडे तो खोडायचा. क्रम नाही, त्यामुळे अंदाजानं कुणाला सांगता येत नाही. नंतर काही झालं तर दोन्ही वह्या ताडून पाहता येतात की आप्पांनी ‘फाटक लावलं’ खरंच सांगितलं होतं की मास्तरांनी गृहीत धरलं होतं. “सात-आठ,” आप्पा ओरडतात. अठ्ठ्याहत्तर कधीच म्हणत नाहीत. “सात-आठ,” तिकडून.

फाटकाजवळ दोन्हीकडे मोटरसायकली साठतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न. “आप्पा, किती येळ?” “आते ई जाई,” आप्पा म्हणतात. गाडी चाळीसगावहून सुटलेली नसली तरी हेच उत्तर. मी एकदा त्यांना म्हटलं, आप्पा, त्यांना खरं सांगत जा की. ते म्हणाले, “भाऊ, मास्तरले खरं सांगस ना, मंग झाये.”

हे ऐकणं माझ्यासाठी 22 जानेवारी 2025 नंतर थोडं बदललं. पाचोऱ्याजवळ परधाड्याला त्या संध्याकाळी काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. लखनौहून मुंबईला जाणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसच्या एका डब्यात आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी उभी राहिली, माणसं जीव वाचवायला उतरली आणि बाजूच्या रुळावर गेली. तिथे वळण आहे. समोरून बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 माणसं गेली. आग नव्हतीच. पुष्पकचा फ्लॅशर, म्हणजे इंजिनावरचा धोक्याचा लुकलुकणारा दिवा, लागला होता आणि कर्नाटकच्या ड्रायव्हरनं ब्रेकही लावला होता, असं रेल्वेनं नंतर सांगितलं. पण त्या वेगाची गाडी थांबायला जेवढं अंतर लागतं तेवढं उरलं नव्हतं.

मी त्या जागेवरून शेकडो माणसांसारखाच कित्येकदा गेलोय. पुढचे काही रविवार बाकड्यावर बसलो तरी लक्ष लागेना. राहून राहून एकच मनात येत होतं. पुढच्या इंजिनात आणि मागच्या डब्यात दोन माणसं अशी, की ‘पिवळा’ म्हटल्यावर ‘पिवळा करेक्ट’ ऐकल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आणि त्यांच्या मधल्या डब्यांत दीड-दोन हजार माणसं, ज्यांच्यात ‘आग’ हा शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कुणीच थांबून विचारत नाही, कुठे, किती, तू पाहिलीस का? विचारावं तरी कसं? जनरलच्या डब्यात, खचाखच गर्दीत, धूर असो नसो, माणूस दाराकडेच जाणार. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मी तिथे असतो तर मीही उडी मारली असती. पण तेव्हापासून सेटवरचं ते कंटाळवाणं परत-म्हणणं ऐकलं की मला हायसं वाटतं. आणि रुळाच्या जास्त जवळ उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना मी आता सरळ ओरडतो. त्यांना वाईट वाटलं तरी वाटो.

उन्हाळ्यात सेटवर बोलणं वाढतं. रूळ 60 अंशांच्या पुढे तापतात आणि लांब जोडलेला रूळ वाकण्याची भीती असते, म्हणून दुपारी गस्त घालणारे ट्रॅकमन निघतात, खांद्याला पाण्याची बाटली, हातात झेंड्या आणि धोक्याचा इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके. काही ठिकाणी वेगाला लगाम घालतात. ‘कॉशन’चा कागद ड्रायव्हरला आधी दिलेला असतोच, तरी मास्तर आठवण करतात, आणि ड्रायव्हर ती परत म्हणतो. भर दुपारी दीडला, 45 अंशांत, किलोमीटर नंबर आणि वेग यांची ती आकडेमोड दोन दमलेल्या आवाजांत चाललेली असते. पावसाळ्यात तेच आवाज टवटवीत. थंडीत पहाटे सगळ्यांना खोकला.

आता हे कमी होत जाणार. लाइनच्या कडेनं नवे मनोरे उभे राहताना दिसतात, स्लीपरवर चिप बसवलेल्या दिसतात. ‘कवच’ येतंय. 2020 मध्ये ती प्रणाली देशासाठी म्हणून स्वीकारली गेली. 2021 मध्ये रेल्वेला 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यात स्वतःच्या लहरी मिळाल्या. इंजिन आणि स्टेशन रेडिओवरच बोलणार, पण आवाजात नाही, आकड्यांत. लाल सिग्नल ओलांडायला ड्रायव्हर निघाला तर यंत्र स्वतः ब्रेक लावणार. याला विरोध करणारा माणूस वेडा म्हटला पाहिजे. आम्हा छंदिष्टांमधे असे एक-दोन आहेत, त्यांना वाटतं रेल्वे त्यांच्या करमणुकीसाठी चालते. खुद्द मास्तर ‘कवच’ची वाट बघतायत. “धुक्यात एकदा ड्यूटी करून बघा,” ते मला म्हणाले, “मग सांगा माणसाचा आवाज किती गोड वाटतो ते.”

ब्रेकव्हॅनच्या जागीही यंत्र येऊ घातलंय. एंड ऑफ ट्रेन टेलिमेट्री. शेवटच्या वाघिणीला एक पेटी लावायची. ती इंजिनाला रेडिओवर सांगत राहणार की मी मागे आहे, हवेचा दाब एवढा आहे, गाडी पुरती आहे. ‘एलव्ही’च्या पाटीचं आणि गार्डच्या अर्ध्याहून अधिक कामाचं उत्तर त्या पेटीत आहे. अमेरिकेत हे फार आधी झालं.

गेल्या पावसाळ्यात नरडाण्याला एक मालगाडी बाजूला उभी होती आणि तिचा गार्ड फलाटाच्या टोकाला उतरून हातपाय मोकळे करत होता. निवृत्तीला आलेला माणूस. मी ओळख काढली, चहा मागवला आणि त्या पेटीबद्दल विचारलं. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, “येऊ द्या ना साहेब. माझ्या पोराला मी या डब्यात बसवणार आहे का?” मग तो त्या डब्याबद्दल बोलत राहिला: पावसात कुठून गळतं, कुठल्या पुलावर रात्री वारा कसा आत शिरतो, भाकरीचा डबा कसा अडकवायचा म्हणजे झटक्याला पडत नाही. विचारलं, गेल्यावर कशाची आठवण येईल? त्यानं विचार केला. “कशाचीच नाही,” म्हणाला. थोडा वेळ गेला आणि त्यानं कमरेच्या संचाकडे बोट केलं. इंजिनातला ड्रायव्हर आणि तो अकरा वर्षं अधूनमधून एकाच गाडीवर येतात. एकमेकांचा आवाज शंभर आवाजांत ओळखतात. चेहरा त्यानं दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा भुसावळच्या लॉबीत, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायच्या खोलीत, आणि दोन्ही वेळा ओळखायला उशीर झाला.

तेवढ्यात कमरेवरचा संच बोलला. “गार्डसाहब, स्टार्टर पीला हो गया.”

“पीला करेक्ट,” त्यानं चहाचा कप माझ्या हातात दिला, “दोन मिनिटं दे, चढतो.” आणि मराठीत बोललो हे लक्षात येऊन पुन्हा बटण दाबलं, “दो मिनिट, चढ रहा हूँ.”

“दो मिनिट,” तिकडून.